एका व्हिडिओमुळे बहिणींचा रॉक बँड वर येतो का?

आपला प्रश्न असा आहे की, मेक्सिकोतील ‘द वॉर्निंग’ हा तीन बहिणींचा बँड एका व्हिडिओमुळे जगाला ठाऊक झाला, तर म्हापशात घरच्या घरी गिटार, बास आणि ड्रम्स वाजवणाऱ्या आपल्या तीन भाच्यांनीही सारा भर व्हिडिओवरच द्यावा का. मी फोंड्याच्या बाजूला जत्रेतील नाटकांना आणि लग्नातील बँडना ध्वनियंत्रणा पुरवतो, म्हणजे वाजवणाऱ्यांना मी बहुधा मिक्सरमागूनच पाहिलेले आहे. तेथून मला दिसते त्यावरून माझे उत्तर ‘देऊ नये’ असे आहे.

व्हिडिओची हकीकत खरीच आहे. मॉन्तेरे शहरातील दानिएला, पाउलिना आणि आलेहांद्रा व्हियारेआल यांनी मेटॅलिका या अमेरिकी बँडचे ‘एंटर सँडमन’ हे गाणे वाजवून 2014 मध्ये यूट्यूबवर टाकले, तेव्हा थोरली 14 वर्षांची आणि धाकटी अवघी 9 वर्षांची होती. ते कोट्यवधी वेळा पाहिले गेले. परंतु लाव्हा रेकॉर्ड्स या कंपनीशी त्यांचा करार झाला तो 2020 मध्ये, आणि मधल्या सहा वर्षांबद्दल सहसा कोणी बोलत नाही. व्हिडिओ गाजल्यावर तशीच आणखी दहा प्रसिद्ध गाणी वाजवणे त्यांना सोपे होते. त्यांनी मात्र 2015 मध्येच स्वतःच्या गाण्यांची छोटी ध्वनिमुद्रिका काढली, 2017 मध्ये पूर्ण अल्बम आणला आणि 2018 मध्ये एकाच कथासूत्रात बांधलेला दुसरा. हे सारे कंपनीविना झाले. श्रोत्यांच्या लोकवर्गणीचा त्यांना आधार होता. 2021 मध्ये मेटॅलिकाच्या गौरवार्थ निघालेल्या अल्बमसाठी गायिका अलेशिया कारा हिच्यासह त्यांनी तेच गाणे पुन्हा केले आणि 2023 मध्ये म्यूझ या बँडच्या दौऱ्यात आरंभीचे वादन केले, पण तोवर त्यांच्याकडे रंगमंचावर तासभर वाजवता येईल इतका स्वतःचा ऐवज होता.

आपल्या गोव्यात नेमकी येथेच अडचण होते. हॉटेले, लग्ने आणि किनाऱ्यावरचे शॅक यांमुळे वाजवणाऱ्याला लवकर काम मिळते, परंतु तेथे पैसे मिळतात ते पाहुण्यांना आधीपासून पाठ असलेल्या गाण्यांचे. बोटे तयार असलेली कितीतरी मुले त्यात वर्षानुवर्षे रमतात, आणि स्वतःचे गाणे करायचे राहून जाते. (गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस यांनी 1984 मध्ये शिवोलीच्या घरी स्वतःची गाणी स्वतः मुद्रित केली, कॅसेटही स्वतःच दुकानांत पोहोचवल्या, ती वाट जुनी आहे, फक्त तीवर गर्दी नाही.)

भावंडांना एक लाभ असतो, तो म्हणजे तालमीचा. परक्या चौघांना एकत्र आणायचे तर कोणाची परीक्षा, कोणाची नोकरी, कोणाची शेवटची बस सांभाळावी लागते. एका घरात जेवणाआधीचा अर्धा तासही वाया जात नाही. शिवाय एका घरात वाढलेल्यांचे स्वर आणि उच्चार यांची घडण सारखी असल्यामुळे त्यांचे समूहगायन मिक्सरवर फारसे जुळवावेच लागत नाही, हे मी स्वतः ऐकलेले आहे. उलट बाजूही आहेच: ओएसिस या इंग्लिश बँडमधील गॅलाघर बंधूंचे भांडण 2009 मध्ये बँड मोडूनच थांबले. म्हणून गाण्याचा शेवटचा शब्द कोणाचा आणि पैशांचा हिशोब कोणाकडे, हे आईवडिलांनी आधीच ठरवून द्यावे, आणि त्यानंतर तालमीच्या खोलीत जाऊ नये.

भाच्यांना वर्षभरात स्वतःची पाच-सहा गाणी करू द्यावीत आणि ती ओळखीच्या नसलेल्या श्रोत्यांसमोर वाजवू द्यावीत. उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, म्हणून आपली वेळ संध्याकाळचीच मागून घ्यावी. उशिरा येणाऱ्या मोठ्या बँडच्या नादात नवख्यांची वेळ कापली जाते. व्हिडिओ त्याच कार्यक्रमांचे करावेत.

आणखी एक गोष्ट कागदावर करून ठेवावी. 18 वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार आपल्याकडे कायद्याने ग्राह्य धरला जात नाही, त्यामुळे मुलींच्या वतीने सही पालकच करतील. शब्द कोणाचे आणि चाल कोणाची, हे प्रत्येक गाणे पूर्ण होताच तिघींच्या नावांनिशी आणि तारखेसह लिहून ठेवावे, म्हणजे सही करताना पालकांना अंदाजाने काही सांगावे लागणार नाही.