आम्ही की आपण? क्री भाषेतले 'नियनान' आणि 'कियानव'

विचारणा अशी होती: "भाची कॅनडात सॅस्कॅचेवान प्रांतात शिकते. तिथे तिने हौस म्हणून क्री भाषेचा वर्ग लावला. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की क्रीमध्ये इंग्रजी 'वुई'साठी दोन वेगळे शब्द आहेत. वर्गातली बाकीची मुलं गोंधळली, हिला मात्र वाटलं, हे तर आपलं आम्ही-आपण! तिचं बरोबर आहे का? आणि या लोकांना मराठीत काय म्हणावं, क्री इंडियन?"

भाची हुशार आहे. बरोबर आहे तिचं, बऱ्याच अंशी. जिथे बरोबर नाही, तिथेच खरी मजा आहे.

आधी नावाचं उरकतो. 'क्री' हे कॅनडातल्या एका मूळ रहिवासी समाजाचं नाव, पण ते त्यांचं स्वतःचं नाव नाही. जेम्स उपसागराच्या दक्षिणेकडच्या एका गटाला शेजारचे ओजिब्वे लोक ज्या नावाने ओळखत, ते फ्रेंच व्यापाऱ्यांनी उचललं. त्याचं 'क्रिस्तिनो' झालं, मग शेपूट गळून 'क्री' उरलं. माळरानावरचे क्री स्वतःला 'नेहियवक' आणि भाषेला 'नेहियवेविन' म्हणतात. पूर्वेला गेलं की नावं बदलतात. मराठीत नुसतं 'क्री' म्हणा. 'इंडियन' हा शब्द तिकडे कायद्याच्या नावात अजून आहे, 1876 चा 'इंडियन अ‍ॅक्ट', पण लोक 'फर्स्ट नेशन्स' म्हणतात. शाळेच्या पुस्तकातून आपल्या डोक्यात बसलेलं 'रेड इंडियन' तर आता सोडूनच द्यावं.

आता मूळ प्रश्न. 'नि' म्हणजे मी-माझं आणि 'कि' म्हणजे तू-तुझं, एवढं लक्षात ठेवा. नियाचा अर्थ मी, कियाचा तू. 'निकाविय' म्हणजे माझी आई, 'किकाविय' तुझी आई. नुसतं 'आई' म्हणताच येत नाही, कोणाची ते आधी सांगावं लागतं. अनेकवचनात 'निकावीनान' म्हणजे आमची आई आणि 'किकावीनव' म्हणजे आपली आई.

दोन भावंडांचं उदाहरण घेऊ. धाकटा थोरल्याला फोनवर म्हणतो, "आपल्या आईला आज बरं वाटत नाहीये." पाच मिनिटांनी तोच डॉक्टरांना सांगतो, "आमच्या आईला बरं वाटत नाहीये." आई एकच, बोलणारा तोच, फक्त ऐकणारा बदलला. डॉक्टरांना चुकून "आपल्या आईला" म्हटलं तर ते क्षणभर चमकतील. क्री माणूस भावाशी बोलताना 'किकावीनव' म्हणेल आणि डॉक्टरांशी बोलताना 'निकावीनान'. हिंदीवाल्याला हे समजवायला घाम फुटतो, त्याच्याकडे 'हमारी माँ' एवढंच आहे. गुजराती (अमे-आपणे), तेलुगू आणि तमिळ माणसाला समजवावं लागत नाही.

मात्र क्री शब्द नीट बघा. ऐकणाऱ्याला धरून जे 'आपण' होतं, ते 'कियानव', त्याची सुरुवात 'कि'ने म्हणजे 'तू'ने होते. ऐकणाऱ्याला वगळून जे 'आम्ही' होतं, ते 'नियनान', त्याची सुरुवात 'मी'ने. क्रीचा नियमच असा की वाक्यात 'तू' कुठेही असला तरी पहिला मान त्याचा. 'तू मला पाहतोस' म्हणजे 'किवापमिन'. 'मी तुला पाहतो' म्हणजे 'किवापमितिन'. पाहणारा मी असूनही क्रियापदाच्या तोंडाशी तूच. कोण कोणाला पाहतंय हे शेपटीवरून कळतं. मराठी 'आपण' दुसऱ्या वाटेने आला. तो संस्कृत 'आत्मन्'पासून, प्राकृत 'अप्पण'मार्गे. त्याचा मूळ अर्थ 'स्वतः'. म्हणजे आपण 'स्वतः'ला ऐसपैस करून समोरच्याला आत घेतलं, क्रीने समोरच्यापासूनच सुरुवात केली.

दुसरा फरक म्हणजे मराठीत हा शब्द फार कामं करतो. "आपण कुठे निघालात?" इथे तो आदरार्थी तुम्ही. "त्याने आपण होऊन सांगितलं" इथे स्वतः. आणि मुंबईच्या नाक्यावर "आपण नाय घाबरत कुणाला" म्हणणारा तर चक्क एकटा असतो. क्रीमध्ये हा घोळ नाही. आदरार्थी तुम्ही असा वेगळा प्रकारच नाही, आदर नातेसंबोधनातून दाखवतात. त्यामुळे 'कियानव' म्हटलं की ऐकणारा त्यात आहेच. आम्ही-आपण मराठीत वगळूनही चालतं, "निघू या" एवढंच पुरतं. क्रीमध्ये क्रियापदाला आणि नामालाही ही खूण लावावीच लागते, पळवाट नाही.

मराठीतही पळवाट नसते तेव्हा आपले कान किती तिखट होतात बघा. 'आमची मुंबई' आणि 'आपली मुंबई' यांत किती राजकारण आहे, ते दोन्ही म्हणणाऱ्यांना पक्कं माहीत असतं. पुण्यातली 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी 'आपली कोठेही शाखा नाही' अशी करून बघा, दुकानाचा सगळा कडकपणाच गेला. लग्नाच्या बैठकीत वरपक्षाकडून "आमच्याकडे असं नसतं" आलं की वातावरण आक्रसतं. तेच "आपल्याकडे" म्हटलं तर चहा येतो. (हे मी स्वतः भोगलं आहे, 'आमच्याकडे'वालं.)

मिशनऱ्यांना हा पेच पहिल्याच प्रार्थनेत पडला असणार. इंग्रजीत 'अवर फादर' म्हणून मोकळं होता येतं. क्रीमध्ये देवाशीच बोलायचं तर देव 'आपल्या'त कसा धरणार? तो स्वतःचाच बाप होईल! म्हणून प्रार्थना सुरू होते 'नोह्तावीनान'ने, म्हणजे 'आमच्या पित्या'. देवाबद्दल एकमेकांत बोलताना तोच 'कोह्तावीनव' होतो, 'आपला पिता'. मराठी ख्रिस्ती प्रार्थनाही 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अशीच सुरू होते, 'आपल्या' नाही. अर्ध्या जगाच्या अंतरावरच्या दोन भाषांना एकाच वाक्यात एकच निवड करावी लागली.

जाता जाता, या मिशनऱ्यांपैकी जेम्स इव्हान्स याने 1840 साली नॉर्वे हाउस इथे क्रीसाठी अक्षरलिपी छापात आणली. चहाच्या पेट्यांतलं शिसं वितळवून त्याने छपाईचे खिळे ओतले आणि भूर्जसालीवर छपाई केली. तीत एकच आकृती फिरवून स्वर बदलतो: कोनाचं टोक खाली केलं की 'पे', वर केलं की 'पि', उजवीकडे 'पो', डावीकडे 'प'. पिटमनच्या लघुलिपीबरोबरच देवनागरीचाही तिच्यावर प्रभाव आहे असं बरेच अभ्यासक मानतात. क्रींची स्वतःची परंपरा मात्र वेगळं सांगते: ही लिपी 'मिस्तनास्कोवेव' नावाच्या पुरुषाला परलोकातून मिळाली. तुमच्या भाचीला एवढं नक्की सांगा की क्री शब्द देवनागरीत लिहून ठेवले तर ऱ्हस्व-दीर्घ अ-आ, इ-ई रोमनपेक्षा सोपे जातील.

आता ज्या वाक्यासाठी मी हे एवढं लांबवलं त्याकडे येतो.

ऑगस्ट 1876 मध्ये सॅस्कॅचेवानमधल्या फोर्ट कार्लटनला 'सहाव्या करारा'ची, म्हणजे क्रींच्या जमिनीबद्दल सरकारशी करायच्या कराराची, बोलणी चालली होती. ब्रिटनच्या राणीच्या वतीने लेफ्टनंट गव्हर्नर अलेक्झांडर मॉरिस होता आणि समोर मिस्तवासिस, अहताहकाकूप हे क्री प्रमुख. पाच माणसांच्या कुटुंबाला एक चौरस मैल या हिशेबाने राखीव जमीन मिळेल असं मॉरिसने सांगितलं, तेव्हा तरुण पाउंडमेकर उठला. त्याचं क्री नाव पीहतोकहानपिवियिन. दुभाषी पीटर इरॅस्मसने पुढे म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींत त्याचे शब्द इंग्रजीत आहेत. मराठीत आणायचे तर: "ही आमची जमीन आहे! कापून छोटे छोटे तुकडे करून आम्हालाच परत द्यायला हा काही पेमिकनचा तुकडा नाही."

पेमिकन म्हणजे रानगव्याचं वाळवून कुटलेलं मांस आणि वितळवलेली चरबी यांचा घट्ट गोळा. चामड्याच्या पिशवीत भरलेला, एकेक पिशवी चाळीसेक किलोची. चरबीला क्रीत 'पिमिय' म्हणतात, त्यावरून 'पिमिहकान'. सरकार जमिनीशी कसं वागतंय ते त्याने शिदोरीच्या भाषेत सांगितलं.

पण मी वर 'आमची' लिहिलं ते कशावरून? मूळ इंग्रजीत 'अवर लँड' आहे. क्रीमध्ये त्याला एक शब्द निवडावाच लागला असणार: 'नितस्कीनान' म्हणजे आमची, तुझी नाही, किंवा 'कितस्कीनव' म्हणजे आपली. मॉरिसकडे बघून बोलला असेल तर पहिला. मान वळवून स्वतःच्या लोकांना उद्देशून बोलला असेल तर दुसरा. इंग्रजीने ही मान कुठे वळली तेच पुसून टाकलं. मराठी अनुवादकाला ते पुसता येत नाही, त्याला एक बाजू घ्यावीच लागते. पुढच्या वाक्यात 'आम्हालाच परत' असा सरळ टोमणा आहे, म्हणून मी 'आमची' घेतलं.

कराराच्या इंग्रजी मसुद्यात क्रींनी जमिनीवरचा हक्क सोडून दिला, कायमचा, असं लिहिलं आहे. वडीलधारे क्री मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की जमीन दिली ती वाटून घ्यायला, आणि तीही नांगराच्या फाळाइतक्या खोलीपुरती. मला हा वाद दोन उपसर्गांचा वाटतो. मसुदा म्हणतो, ती आता राणीची. वडीलधारे म्हणतात, जी 'नितस्कीनान' होती ती करारानंतर 'कितस्कीनव' झाली, तुम्हाला धरून. हे दुसरं सर्वनाम इंग्रजी कागदावर उतरायला जागाच नव्हती.

शेजारच्या भाषांतही हा भेद सापडतो. क्रीच्या अगदी जवळची भाषा बोलणारे क्यूबेक-लाब्राडोरचे इनू लोक स्वतःच्या प्रदेशाला 'नितस्सिनान' म्हणतात. सुरुवातीचा 'नि' बघा. 1980 च्या दशकात गूस बेच्या तळावरून लढाऊ विमानं त्यांच्या शिकारीच्या मुलखावरून अगदी खालून उडायला लागली. त्यांना विरोध करताना हे नाव इनू लोकांनी पुढे केलं, आणि ते बाहेरच्यांना सांगितलेलं 'आमची' होतं. उलट एडमंटनजवळच्या इनॉक क्री नेशनमधल्या शाळेला 'कितस्कीनव' असं नाव दिलं होतं. तिथे ऐकणारी स्वतःचीच पोरं होती.

पाउंडमेकरला पुढे 1885 च्या सरकारविरोधी उठावानंतर राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात टाकलं. कॅनडा सरकारने त्याला निर्दोष ठरवलं ते मे 2019 मध्ये.

भाचीला एक प्रयोग सांगा. पुढच्या तासाला बाईंना विचारायचं: 'आपला वर्ग' हे तुम्ही आम्हाला म्हणाल तेव्हा कोणता उपसर्ग, आणि शेजारच्या वर्गातल्या बाईंना सांगाल तेव्हा कोणता? मराठी मुलीला उत्तर आधीच माहीत असेल. पण बाईंना ते तिच्या तोंडून ऐकायला आवडेल.