तुझी दुसरी उडी किती?

चि. उडीवाल्यास, अनेक आशीर्वाद.

परवा रात्री साडेदहाला तुझा फोन आला तेव्हा मी धड बोललो नाही. झोपेचं निमित्त सांगितलं, पण झोप तुझ्या पहिल्याच वाक्याला उडाली होती. "सर, लांब उडीत त्याची ७.०४ मीटर आणि माझीपण ७.०४, मग तो तिसरा आणि मी चौथा कसा?"

नियम तुला ठाऊक नाही असं नाही. बरोबरी झाली की दोघांची दुसरी सर्वांत चांगली उडी बघतात, तीही सारखी निघाली तर तिसरी. दोन वर्षांपूर्वी खड्ड्याच्या काठावर बसून मी हे सांगत होतो आणि तू स्पाइक्सच्या खिळ्यांतली माती काडीनं उकरत होतास. तेव्हा मान हलवलीस. आता रडतोस.

काका म्हणतात भरतीच्या अकादमीत जा. मित्र म्हणतो ट्रिपल जंप धर. आणि कुणीतरी तुझ्या कानात घातलंय की सरांनी 'सेफ' उड्यांचं खूळ डोक्यात भरवून तुझं नुकसान केलं. हे तू बोलला नाहीस, पण बोलताना जिथे थांबलास तिथे ते होतं. मी चाळीस वर्षं पोरांचे आवाज ऐकतोय.

तर फोनवर विचारलं आणि तू गप्प राहिलास, तेच पुन्हा विचारतो. तुझी दुसरी उडी किती?

मीच सांगतो. ६.५८. त्या पोराची ६.९१. राहिलेल्या चार उड्यांवर तुझा लाल झेंडा, म्हणजे पाय उडीच्या फळीपुढे, फाउल. आता सांग, अन्याय कुणी केला?

तुला समजूत नकोय, म्हणून मी घालतही नाही. एक स्पर्धा मात्र सांगतो. तू तिची क्लिप पाहिली आहेस, पण फक्त पाचवी उडी पाहिली आहेस. तुम्ही पोरं तेवढीच बघता.

४ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम, अलेक्झांडर स्टेडियम. राष्ट्रकुल स्पर्धेतली पुरुषांची लांब उडी. आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती, मी आवाज बंद करून टीव्हीसमोर बसलो होतो. पालक्काडचा मुरली श्रीशंकर. बाप ट्रिपल जंपर, आई ८०० मीटर धावणारी, कोच म्हणजे बापच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोझिकोडला ८.३६ मारून त्यानं राष्ट्रीय विक्रम केला होता. आता बर्मिंगहॅमचा कागद बघ. पहिली उडी ७.६०. दुसरी ७.८४. तिसरी पुन्हा ७.८४. चौथी लांब गेली, पण अगदी थोडक्यात फाउल. पाचवी ८.०८, तीच तुझ्या क्लिपमधली. शेवटच्या उडीनं त्यात काही भर पडली नाही.

बहामाजच्या लाक्वान नेर्नचीही ८.०८. सेंटिमीटर सारखे. वाऱ्याचे आकडे वेगळे होते. नेर्नच्या उडीला जवळजवळ वाराच नव्हता, झालाच तर किंचित विरुद्ध, आणि आपल्या पोराला पाठीमागून सेकंदाला १.५ मीटरचा होता. पण बरोबरी सोडवताना वारा कुणी विचारत नाही. विचारतात ती दुसरी उडी. नेर्नची ७.९८, श्रीशंकरची ७.८४. सुवर्ण तिकडे, रौप्य इकडे. १९७८ साली एडमंटनच्या राष्ट्रकुलात सुरेश बाबूनं लांब उडीत कांस्य आणलं होतं. त्यानंतर राष्ट्रकुलात आपल्या पुरुषांच्या हाती या उडीत पदक लागायला चव्वेचाळीस वर्षं गेली, आणि लागलं तेव्हा दुसऱ्या उडीनं त्याचा रंग ठरवला.

त्या निकालातला आणखी एक आकडा मी वहीत लाल पेननं लिहून ठेवलाय. आपलाच दुसरा खेळाडू, मुहम्मद अनीस याहिया, पाचवा आला ७.९७ वर. ही त्याची सर्वांत चांगली उडी. नेर्नची दुसऱ्या क्रमांकाची उडीसुद्धा तिच्यापेक्षा एका सेंटिमीटरनं पुढे. त्या माणसाकडे ८.०८ नसती, नुसती ७.९८ असती, तरी तो अनीसच्या पुढेच राहिला असता. मी दुसरी उडी म्हणतो ती ही. पहिली हुकली तरी तुला वर धरून ठेवते ती.

आणि शेवटच्या उडीला श्रीशंकरला काय लागत होतं? तू म्हणशील ८.०९. नाही रे. ७.९९ पुरली असती. दहा सेंटिमीटरचा फरक आहे या दोन वाक्यांत. धावपट्टीच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत तो दहा मीटरचा होतो. मला माहीत आहे, निकालाचा कागद हातात घेऊन घरी बसून हे बोलणं सोपं आहे. तिथे साठ सेकंदांचं घड्याळ उलटं पळत असतं. श्रीशंकरला शिकवायची माझी लायकी नाही. मी तुला शिकवतोय.

बर्मिंगहॅमला आदल्या दिवशी अशाच हिशोबानं आपल्याला हात दिला होता. उंच उडीत तेजस्विन शंकरला कांस्य मिळालं. २.२२ ओलांडणारा तो एकटा नव्हता, पण त्यानं ती पहिल्याच प्रयत्नात ओलांडली होती. तेव्हा कुणी अन्याय म्हटल्याचं मी ऐकलं नाही. आपल्या बीडच्या अविनाश साबळेचं स्टीपलचेस आठव. ८ मिनिटं ११.२० सेकंद, सुवर्णाच्या मागे पाच शतांश. त्याला दुसरी संधीच नाही, एकदाच धावायचं, संपलं. तुला सहा मिळतात. निदान पहिल्या आठांत आलास तर सहा. आणि त्यांतल्या चार तू फळीच्या पुढे पाय टाकून फुकट घालवतोस.

टोकियोचंही सांगतो, म्हणजे बर्मिंगहॅम अपवाद होतं असं म्हणायला जागा राहणार नाही. २०२१ च्या ऑगस्टमधलं ऑलिंपिक. क्यूबाचा एचेवारिया ८.४१. ग्रीसच्या तेंतोग्लूनं शेवटच्या उडीत ८.४१ गाठली. दुसऱ्या उड्या काढल्या: ८.१५ आणि ८.०९. ऑलिंपिकचं सुवर्ण ग्रीसला गेलं ते त्या सहा सेंटिमीटरवर, आणि ते सहा सेंटिमीटर क्लिपमध्ये दिसत नाहीत.

आता तू अमेरिकेचा बॉब बीमन काढणार. सगळी पोरं काढतात. १८ ऑक्टोबर १९६८, मेक्सिको सिटीचं ऑलिंपिक, ८.९०. मोजायचं नवं यंत्र तिथवर पोचेना म्हणून पोलादी टेप आणावी लागली, जुना विक्रम एका उडीत पंचावन्न सेंटिमीटरनं मागे पडला. एकच उडी, सर, आणि विषय संपला! बरोबर. आता आदल्या दिवशीची पात्रता फेरी वाच. पहिल्या दोन्ही उड्या फाउल. तिसरीही गेली असती तर बीमन घरी, आणि ८.९० कुणाला माहीतही झाली नसती. तेव्हा राल्फ बोस्टन, म्हणजे त्याचाच प्रतिस्पर्धी, त्याला म्हणाला की फळीच्या बराच आधी उडी घे. त्यानं घेतली, ८.१९ झाली, आत गेला. तोवरची जगातली सर्वांत मोठी उडी एका सेफ उडीच्या खांद्यावर उभी आहे, बाळा. (१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला जेसी ओवेन्सला लुझ लाँगनं असाच सल्ला दिल्याची गोष्ट तुला शाळेत मीच सांगितली होती. ती तशी घडली का यावर वाद आहे, म्हणून आता सांगत नाही.)

'सेफ' या शब्दाचं तुम्ही वाटोळं केलंय. सेफ म्हणजे भिऊन मारलेली उडी नव्हे. वेग तोच, गुडघा तोच, फक्त रन-अपची सुरुवात वीतभर मागे. फळी वीस सेंटिमीटर रुंद आहे, ती काय शोभेला ठेवलीय? तू तिच्या शेवटच्या दोन सेंटिमीटरवर जीव टाकतोस. तिच्या मधोमध पाय पडला तर दहा सेंटिमीटर जातील, फाउलमध्ये अख्खे सात मीटर जातात. आणि हल्ली नियम आणखी कडक झालाय. पूर्वी पुढच्या मेणावर खूण उमटली की फाउल द्यायचे, आता बुटाचं टोक फळीच्या पुढच्या कडेवरून सरळ वर धरलेल्या उभ्या रेषेच्या पुढे गेलं की संपलं, खाली टेकलेलं असो वा नसो. जिल्ह्याच्या मैदानावर अजून पंचाचा डोळाच आहे, पण पुढे कॅमेरा आहे. कॅमेऱ्याला दया येत नाही.

पंच म्हटल्यावर माझं सांगतो. हे कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

१९८४ सालची गोष्ट. विद्यापीठाच्या संघाची निवड, दोघांनाच घेणार होते. माझी ७.०९, दुसऱ्या एकाचीही ७.०९, दुसरी जागा आमच्यापैकी एकाची. माझ्या चार उड्या फाउल झाल्या होत्या. फळीपाशी बसलेल्या पंचाला मी पुढची अकरा वर्षं शिव्या दिल्या. लग्नात भेटलेल्या माणसांना सांगितलं, सासऱ्यांना सांगितलं, पोरगी लहान होती तिलाही सांगितलं. वडील एसटीनं आले होते, स्टँडवर परत सोडताना त्यांनी एवढंच विचारलं की दुसरा कुणाचा पाय असा पुढे जात होता का. मी त्यांच्यावर चिडलो. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यांनी उच्चारली नाही एवढाच त्यांचा चांगुलपणा. पुढे घर बदलताना जुनी वही सापडली. त्या मोसमातल्या सरावात मी फक्त लांबी लिहिली होती. फाउलचा रकानाच नव्हता वहीत! जे मोजलं नाही ते सुधारणार कसं? पंच बिचारा बरोबर होता.

म्हणून तुमच्या वहीत मी दोन रकाने आखतो, आणि उजव्या रकान्यात सहांपैकी दुसऱ्या क्रमांकाची उडी लिहायला लावतो. पालकांना ते खूळ वाटतं. वाटू दे.

हो, माझ्याकडे शिकणारा तो पोरगा गेला त्याचंही सांगतो, कारण तुझ्या मनात तेच आहे. मला सोडून दुसऱ्या कोचकडे गेला, सहा महिन्यांत ७.४१ मारली आणि त्या एका उडीवर नोकरी लागली. पेढे घेऊन आला होता. मी खाल्ले. चांगले होते. आता तू म्हणशील, मग सरांचं चुकलंच. नाही चुकलं! ७.४१ नंतर तो तीन वर्षं सात मीटरच्या आत-बाहेर करत राहिला. नोकरी लागली याचा मला आनंद आहे, पण मी नोकरी लावायला खड्डा उकरत नव्हतो. हे वाचून बायको म्हणाली, तुम्ही पोराला पत्र लिहिताय की स्वतःची कैफियत मांडताय. दोन्ही, असं धर.

ट्रिपल जंपचं एका ओळीत संपवतो. बर्मिंगहॅमलाच एल्डोस पॉल १७.०३, अब्दुल्ला अबूबकर १७.०२, सुवर्ण आणि रौप्यात एक सेंटिमीटर. तिकडे गेलास तरी फळी तीच आहे.

आणि श्रीशंकर? तो तर ट्रिपलला गेला नाही, पंचाच्या नावानं बसलाही नाही. २०२३ ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये ८.१९ मारून पुन्हा रौप्य, सुवर्ण तीन सेंटिमीटर पुढे. मग गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली, पॅरिस हुकलं. २०२५ च्या जुलैत पुण्यात परत उतरला आणि ८.०५ वर जिंकला. तुझं काय गेलंय? एक तिसरा नंबर.

कामाचं बोलू. तुझा रन-अप आपल्या मातीवर बसवलेला आहे. सिंथेटिकवर पाय जास्त ढकलतो, पाऊल लांबतं, सोळा पावलांत वीतभर पुढे जातोस आणि तरी मार्क, म्हणजे धाव सुरू करायची खूण, मातीवरचाच ठेवतोस. पहिली उडी फाउल झाली की मार्क मागे घ्यायचा सोडून शेवटची तीन पावलं आखडतोस. तिथेच वेग मरतो. ती ६.५८ अशी आली होती, मला स्टँडवरून दिसत होतं. ओरडलोही होतो, पण त्या लाउडस्पीकरपुढे माझं कोण ऐकणार. यापुढे पहिली उडी फळीच्या मधोमध, मोठी नको, फक्त पांढरा झेंडा. दुसरी तिच्याएवढीच. मग तिसरीपासून तुला काय उडायचं ते उड, मी तोंड उघडणार नाही. (उघडेन.)

काकांना सांग, भरतीचा फॉर्म भर म्हणतात तो भर. त्यानं उडी अडत नाही.

माझी १९८४ ची दुसरी उडी मी या पत्रात लिहिलेली नाही, ते तुझ्या लक्षात आलं असेल. ६.४२. तुझ्या ६.५८ पेक्षा कमी. खड्ड्यावरच्या पोरांना सांगू नकोस.

सोमवारी पहाटे साडेपाचला ये. पावसानं वाळू दगडासारखी बसलीय, आधी ती उकरायची. फावडं माझ्याकडे आहे, टेप तुझ्या सॅकमध्ये राहिलीय ती आण.

तुझा,
सर