वाचकांचे प्रश्न : जादुओंग मोठा की पाळक?

प्रश्न : केनियातील लुओ समाजात 'जादुओंग' असतात असे वाचले. म्हणजे आपल्या मंडळीतले (चर्चमधले) निवडलेले 'वडील'च ना? मग पाळकांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, त्यांचे खटके का उडतात? – एक वाचक, संगमनेर

उत्तर : शब्दावरून फसगत होते. 'जादुओंग' (अनेकवचन 'जोदोंगो') म्हणजे मोठा, वडीलधारा माणूस. मंडळीचे वडील निवडले जातात. जादुओंगला कोणी निवडत नाही. त्याचा मान वयावर, वंशातल्या क्रमावर आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या 'दाला'वर उभा असतो. दाला म्हणजे कुंपणाचा वाडा. फाटकासमोर पहिल्या पत्नीचे घर, तिच्या आजूबाजूला इतर पत्नींची घरे, फाटकाच्या अंगाला मुलांच्या 'सिम्बा', म्हणजे झोपड्या. लग्न झाले तरी मुलगा काही काळ सिम्बातच राहतो. त्याचे वडील (बाप) कोंबडा आणि कुऱ्हाड घेऊन सोबत येतात, नवी जागा धरून देतात, तेव्हा कुठे त्याचा दाला होतो. वडील हयात नसतील तर भावकीतला ज्येष्ठ येतो.

पाळकाचा अधिकार वेगळ्या वाटेने येतो: दीक्षा आणि नेमणूक. लुओ बायबलात स्तोत्र 23 मधल्या मेंढपाळाला 'जाक्वाथ', म्हणजे गुरे राखणारा, असा शब्द आहे. आपल्या 'पाळक' शब्दाची जातकुळी तीच. तर पदवी घेतलेला, दीक्षित तरुण पाळक वडिलांच्या सिम्बात राहत असला, की उपासनेत त्याचा शब्द चालतो, भावकीच्या बैठकीत नाही. तो परगावचा असेल तर आणखी अवघड. दुसऱ्यांच्या जमिनीवर वसलेल्याला 'जादाक' म्हणतात आणि जमिनीच्या गोष्टीत जादाकाने तोंड घालायचे नसते. बदली होऊन आलेल्या पाळकाने बैठकीला एकट्याने जाऊ नये, त्याच कुळातला मंडळीचा वडील पुढे करावा, हे म्हणूनच.

प्रश्न : अंत्यविधीत शेवटचा शब्द कोणाचा? – तेच वाचक

उत्तर : जागेबाबत भावकीचा. पुरुषाला घराच्या उजव्या हाताला पुरतात, स्त्रीला डाव्या. घर न बांधता वारलेल्या पुरुषासाठी आधी लहानसे घर उभे करतात. प्रार्थना, वचन आणि कबरीवरचा विधी पाळकाकडे. बिघडते ते सीमारेषेवर. पाळक कार्यक्रमपत्रिका छापून मोकळा होतो आणि 'तेरो बुरू'ला वेळच ठेवत नाही. यात पुरुष गुरे हाकत, ढोल वाजवत, भाले उगारत मृत्यूला हुसकावून लावतात. मग प्रवचन चालू असतानाच गुरे अंगणात शिरतात आणि दोन्ही बाजू अपमान धरून बसतात. छापण्याआधी वाड्यातल्या ज्येष्ठाला आणि विधवेला भेटून तेरो बुरूची वेळ ठरवली, तर निम्मा तंटा मिटतो. उरलेला निम्मा विश्वासाचा. तो अंगणात सोडवायचा नसतो.

कोर्टात गेले तर काय होते, हे एस. एम. ओतिएनो खटल्यात दिसले. हे नैरोबीतले नामवंत लुओ वकील 20 डिसेंबर 1986 ला वारले. पत्नी वाम्बुई किकुयू, म्हणजे दुसऱ्या जमातीची. पतीचे जीवन आधुनिक, ख्रिस्ती होते, नैरोबीजवळच पुरू द्या, असे तिचे म्हणणे. पतीच्या उमिरा कागेर कुळाने मृतदेहावर हक्क सांगितला. अपील न्यायालयाने मे 1987 मध्ये कुळाच्या बाजूने निकाल दिला आणि दफन लुओ प्रदेशातल्या सियायातील न्यालगुंगा येथे झाले. मृतदेह पाच महिने शवागारात होता. रूढी कायद्यात किती खोल रुजली आहे, हे तेव्हा पुष्कळ पाद्रींना पहिल्यांदाच उमगले असावे.

प्रश्न : विधवेला दिराच्या हवाली करतात, तिथे पाळकाने काय करावे? – एक वाचिका, नाशिक

उत्तर : या प्रथेला 'तेर' म्हणतात आणि त्या पुरुषाला 'जातेर'. विधवा मृताचीच पत्नी राहते आणि जातेरपासून झालेली मुलेही मृताच्या नावावर लागतात. मूळ हेतू आधाराचा. एचआयव्हीच्या काळात तीच वाट घातक ठरली. तेरला नकार द्यायला 'चिरा'ची भीती आड येते. 'क्वेर', म्हणजे रूढीने घातलेली बंदी, मोडला की माणूस झिजत जातो, ही ती समजूत. झिजणे एड्ससारखेच दिसत असल्याने दवाखाना मागे पडे आणि 'मान्यासी' हा झाडपाल्याचा काढा पुढे येई. "चिरा खोटा आहे" एवढेच बोलून पाळक निघून गेला, तर काढा रात्री गुपचूप दिला जातो. त्यापेक्षा कोणता क्वेर मोडण्याची भीती वाटते, ते आधी विचारावे, आणि चाचणी करून घ्यायला लावावी.

कायदा विधवेच्या बाजूने आहे. केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेचे कलम 44 कोणावरही सांस्कृतिक विधीची सक्ती करू देत नाही. 2015 चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा सक्तीच्या तेरला हिंसाच मानतो. पाळकाने हे विधवेसमोर नव्हे, तिच्या सासरच्या ज्येष्ठापुढे, शांतपणे सांगावे. घर आणि शेत तिच्याकडेच राहील, हे त्याच बैठकीत वदवून घ्यावे. नाहीतर ती 'नाही' म्हणते आणि रस्त्यावर येते.

प्रश्न : तीन बायकांच्या जादुओंगला बाप्तिस्मा मिळतो का? – एक वाचक, वसई

उत्तर : चर्चवर अवलंबून. 1988 च्या लॅम्बेथ परिषदेने, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या सभेने, आपल्या चर्चांना मुभा दिली: स्थानिक मंडळीची संमती हवी, पुन्हा लग्न नको, पण आहेत त्या बायका सोडायला लावू नये. मंडळीचे पद मात्र सहसा मिळत नाही. अध्यक्ष एकाच पत्नीचा पती असावा, हे बायबलातले वचन (1 तीमथ्य 3:2) आड येते. योहाना ओवालोंनी 1914 मध्ये स्थापलेल्या नोमिया चर्चला बहुपत्नीत्व मुळातच मान्य आहे.