उलट्या 'एस'चा उच्चार

युनिकोडच्या तक्त्यात रोमन 'एस' आरशात पाहावा तसे एक अक्षर आहे आणि त्याच्या नावात 'टोन टू' असे शब्द येतात. ते कोणत्या भाषेचे आणि त्याचा उच्चार काय, असे आपण विचारले आहे. हे अक्षर दक्षिण चीनमधील गुआंग्शी भागातल्या ज्वांग भाषेसाठी योजलेले होते. त्याला स्वतःचा उच्चार नाही. ज्या शब्दावयवाच्या शेवटी ते येते, तो दुसऱ्या, म्हणजे उतरत्या सुरात म्हणावा, एवढेच ते सांगते.

ज्वांगमध्ये सूर बदलला की अर्थ बदलतो. 'तङ्' हा ध्वनिसमूह उतरत्या सुरात 'पोहोचणे' या अर्थाचा होतो, तर उंच, सपाट सुरात तो 'समान' या अर्थाच्या शब्दाचा उत्तरार्ध असतो. वैदिक स्वरांच्या खुणा आपण अक्षराच्या वर-खाली देतो. 1957 साली चीन सरकारने मान्य केलेल्या ज्वांग लिपीत मात्र सुराला ओळीतच अक्षराचे स्थान मिळाले. पहिला सूर खुणेविना ठेवला आणि पुढच्या पाच सुरांसाठी 2 ते 6 या आकड्यांसारखी दिसणारी अक्षरे घेतली. उलटा 'एस' म्हणजे त्यातला 2. तिसऱ्या व चौथ्या सुराची अक्षरे तर रशियन लिपीतल्या अक्षरांसारखीच होती. शिकणाऱ्याला सुराचा क्रमांक अक्षराच्या आकारातच दिसावा, ही सोय मला फार विचारपूर्वक केलेली वाटते.

छपाईच्या आणि टंकलेखनाच्या दृष्टीने मात्र ही अक्षरे अडचणीची होती, म्हणून 1982 साली त्यांच्या जागी नेहमीची रोमन अक्षरे आली. उलट्या 'एस'चे काम 'झेड'कडे गेले. 'असणे' या अर्थाचा शब्द पूर्वी 'एम', 'आय' आणि उलटा 'एस' असा लिहीत, तो आता 'एम-आय-झेड' असा लिहितात. यात छपाई सोपी झाली, पण वाचन नवख्याला अवघड झाले, असे माझे मत आहे, कारण सहाव्या सुरासाठी घेतलेला 'एच' शब्दावयवाच्या आरंभी खरोखरच 'ह' असतो आणि शेवटी केवळ सूर दाखवतो.

त्या काळातला ज्वांग मजकूर टंकायचा असेल, तर 2 हा आकडा किंवा साधा 'एस' वापरू नये. युनिकोडमध्ये या अक्षराची मोठी आणि लहान अशी दोन्ही रूपे स्वतंत्रपणे दिलेली आहेत.