घरचं ब्रेकफास्ट सॉसेज : मीठ वजनावर आणि सेज सढळ हाताने

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये राहतो, मुलांना सकाळी अंड्याबरोबर सॉसेज पॅटी लागतेच. पाकिटातलं नको म्हणून मी घरी करते, पण एकदा खारट होतं तर एकदा अगदी सपक, आणि "ती" चव काही येत नाही. गरम मसाला घालू का? सासूबाई गोव्याच्या, त्या म्हणतात व्हिनेगर आणि काश्मिरी मिरची घाल. शिवाय पॅटी कधीकधी रबरी होते.

उत्तर : ताई, आधी मिठाचं बघू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. अमेरिकन रेसिपीत नुसतं "दोन चमचे कोशर सॉल्ट" (जाड दाण्यांचं मीठ) लिहिलेलं असतं आणि आपण घरातलं साधं बारीक मीठ घेतो. डायमंड क्रिस्टल कंपनीचं कोशर मीठ छोट्या चमच्याला जेमतेम 3 ग्रॅम भरतं, मॉर्टन कंपनीचं कोशर 5 च्या आसपास आणि साधं टेबल सॉल्ट 6, म्हणजे चमचा तोच पण मीठ दुप्पट! त्यामुळे चमचा विसरा, वजनकाटा घ्या, 1 किलो पोर्क खिम्याला 16 ग्रॅम मीठ, मग मीठ कुठलंही असू दे.

आता "ती" चव. ती सेज या सुगंधी पाल्याची आहे हो, आणि आपला हात तिथेच आखडतो. इंग्लंडमध्ये लिंकनशरचं सॉसेज सेजवरच उभं आहे, आणि अमेरिकेच्या दक्षिणेत पहिली थंडी पडली की डुकरं कापायची, उरलेल्या मांसात मीठ, सेज, मिरी, लाल मिरची घालायची अशी जुनी रीत. तुमच्याच टेक्सासात प्लेनव्ह्यूला जिमी डीन या कंट्री गायकाने 1969 साली सॉसेजची कंपनी काढली, तीही याच चवीच्या वाटेवरची. तर 1 किलोला चुरलेला वाळका सेज 3 ग्रॅम, तो फार हलका असतो म्हणून छोटे 4 चमचे तरी होतात, घाबरू नका. भरड मिरी 2 चमचे, थाइम (हाही वाळका सुगंधी पाला) 1, चिली फ्लेक्स 1, जायफळ पाव चमचा, ब्राउन शुगर 1 मोठा चमचा. बऱ्याच पाकिटांत अजिनोमोटोही असतो, चिमूटभर घातलात तर चव आणखी जवळ जाते, नाही घातलात तरी छानच लागतं.

गरम मसाला मात्र नको. लवंग-दालचिनी आली की सेज पार दबतो आणि पॅटी खिमा कबाबासारखी लागायला लागते, मग तोच करा ना सरळ.

सासूबाई सांगतात तो चोरीस, म्हणजे गोव्याचं सॉसेज, मला मनापासून आवडतो, पण ते प्रकरणच वेगळं, व्हिनेगर, मिरची, लसूण लावून सुकवायचं, धूर द्यायचा, टिकवायचं. ताज्या खिम्यात व्हिनेगर ओतलं तर मांस धड बांधलं जात नाही, पॅटी भुसभुशीत होते. त्यांना चोरीस वेगळा करू दे, दोन्ही घरात असू देत की.

रबरीपणाचं कारण बहुतेक कमी चरबी आणि जास्त मळणं. दुकानातला लीन पोर्क खिमा घेऊ नका, खांद्याचा तुकडा मागा, तिकडे त्याला पोर्क बट म्हणतात, चरबी 25 ते 30 टक्के हवी. मांस अगदी गार ठेवा, मसाला पाव कप बर्फाच्या पाण्यात कालवून मग घाला म्हणजे सगळीकडे सारखा लागतो, आणि खिमा हाताला चिकटायला लागला की थांबा, कणकेसारखं तिंबत बसू नका.

आणि हे कृपा करून टाळू नका, सगळ्या पॅट्या थापायच्या आधी लिंबाएवढा गोळा तव्यावर भाजून खा. कच्चं चाखायचं नाही. काय कमी वाटलं तर आत्ताच घाला, फक्त सेज आणि मिरी रात्रभर फ्रिजमध्ये अजून उतरतात एवढं धरून चाला, मिठाचं मात्र तेव्हाच नक्की करून टाका.

भाजताना आच मध्यम, साखर असल्यामुळे बाहेरून चटकन काळं होतं आणि आत कच्चं राहतं. थर्मामीटर असेल तर मधोमध 160 डिग्री फॅरनहाइट, म्हणजे 71 सेल्सिअस, बघा. कच्चा मसाला लावलेला खिमा फ्रिजमध्ये फार तर दोन दिवस, बाकीच्या पॅट्या मध्ये बटर पेपर घालून थेट फ्रीझरमध्ये टाका.