कादंबरीतलं घर आणि हातातला फोन

प्रश्न : एका श्रीमंत, नामवंत कुटुंबावर उपहासात्मक कादंबरी लिहितेय. घरातले सगळेच सोशल मीडियाच्या आहारी गेलेले, सोळा वर्षांची मुलगी तर पार वेडी झालेली. पण पुस्तक छापून येईपर्यंत अॅप्स बदलतील आणि सगळं शिळं वाटेल. काय करू?

उत्तर : भीती रास्त आहे. २००९ मध्ये फेसबुकवर लाइकचं बटण आलं, त्याच वर्षी ट्विटरवर रीट्विटचं. २०१७ मध्ये १४० अक्षरांची मर्यादा २८० झाली आणि २०२३ मध्ये तर ट्विटर हे नावच गेलं. तेव्हा बटणांची वर्णनं बेतानंच करा.

खरा ऐवज जेवणाच्या टेबलावर आहे. वडिलांनी सकाळी घाईत टाकलेली एक ओळ अंगाशी आलीय. माफीचा मसुदा वकिलाकडून आलाय. आई त्यातला ‘दिलगीर’ खोडून ‘व्यथित’ करते, मुलगा फॉलोअर्स किती घटले ते मोठ्यानं सांगतो. वाढायला उभ्या असलेल्या बाईंकडे कुणाचंच लक्ष नाही. त्यांना मात्र सगळं ऐकू येतंय. त्यांच्या नजरेतून एक अख्खं प्रकरण लिहाच, माझा आग्रह आहे.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. सगळ्यात जास्त टर त्या मुलीची का? ती जन्मली त्याच दिवशी तिचा फोटो सगळ्यांसाठी कुणी टाकला? आईवडिलांनीच ना? तो प्रसंग आधी लिहा, मग तिच्याकडे वळा.