बैलमुखी पुरुष आणि मेणबत्तीवाली मुलगी

प्रश्न : तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत लहानाचा मोठा झालेला मी नागपूरकर. अलीकडे एका मित्राकडच्या पुस्तकात पिकासोचे ‘मिनोटॉरोमाकी’ हे १९३५ मधील एचिंग (धातूच्या पत्र्यावरून कागदावर छापलेले चित्र) पाहिले. बैलाचे डोके असलेला धिप्पाड पुरुष, त्याच्यासमोर मेणबत्ती धरून उभी असलेली मुलगी आणि दोघांच्या मध्ये जखमी घोडा. हा ग्रीकांचा महिषासुर समजावा काय? मग ती मुलगी देवी ठरते काय?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : महिषासुर आठवणे स्वाभाविक आहे. महाबलीपुरमच्या शिल्पातही महिषासुराचे धड माणसाचे आणि डोके रेड्याचे आहे. पण केवळ पशुमुखावरून अर्थ ठरत नाही. आपल्या जवळच, रामटेकच्या गडावर, वाकाटककालीन केवल नरसिंहाच्या मंदिरात पशुमुखी मूर्तीचीच पूजा होते.

ग्रीक कथेतला मिनोटॉर हा क्रीट बेटाच्या राणीला बैलापासून झालेला पुत्र. डेडॅलस या कारागिराने बांधलेल्या भूलभुलैयात त्याला कोंडले होते आणि अथेन्सहून पाठवलेले सात तरुण व सात तरुणी हे त्याचे भक्ष्य असे. अखेर अथेन्सचा वीर थीसियस याने त्याला मारले आणि राजकन्या अ‍ॅरिआड्नीने दिलेल्या सुताच्या आधाराने तो बाहेर पडला. आता ही कथा चित्राशेजारी ठेवून पाहा. चित्रात थीसियस नाही, भूलभुलैया नाही, सूतही नाही. अशा चित्रात चित्रकाराने कथेतले काय गाळले, हे मी आधी पाहतो; इथे तर मारणाराच गाळला आहे.

जे नव्याने आले, त्यातले बरेच स्पेनमधल्या, माणूस आणि बैल यांच्यातल्या झुंजीच्या रिंगणातून आले आहे. शीर्षकातच मिनोटॉर आणि बैलझुंजीसाठीचा स्पॅनिश शब्द ‘तौरोमाकिया’ एकमेकांत मिसळले आहेत. झुंजीतल्या घोड्यांना अंगरक्षक झूल घालण्याची सक्ती १९२८ मध्ये झाली. त्यापूर्वी बैलाच्या शिंगांनी घोड्यांची आतडी बाहेर येणे हे प्रेक्षकांच्या नित्य पाहण्यातले होते. चित्रातल्या घोड्याचे पोट तसेच फाटलेले आहे आणि त्याच्या पाठीवर मॅटाडोरच्या, म्हणजे बैलाशी झुंजणाऱ्याच्या, वेशातली स्त्री निपचित पडली आहे. तिच्या चेहऱ्यात पिकासोची तेव्हाची प्रेयसी मारी-तेरेझ वॉल्टर हिची छाया अनेकांना दिसते. त्या वर्षी ती गरोदर होती आणि पिकासोचा संसार मोडत होता. हे माहीत असावे, पण साऱ्या चित्राला घरगुती भांडणाचा कोष्टकासारखा उलगडा लावू नये, असे मला वाटते. शिडीवर चढणारा दाढीवाला, खिडकीतल्या दोन स्त्रिया आणि त्यांच्यापुढची कबुतरे त्या कोष्टकात बसत नाहीत.

डाव्या-उजव्या बाजूंना मात्र जपून अर्थ द्यावा. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावरचे चित्र कागदावर उलटे उमटते. आज उजवीकडून येणारा मिनोटॉर पिकासोने पत्र्यावर डावीकडे कोरला होता.

मुलीविषयी विचाराल, तर देवी शस्त्र घेऊन येते; हिच्या एका हातात मेणबत्ती आणि दुसऱ्यात फुले आहेत. ती मागे सरत नाही, आणि तिच्याकडून धमकीही नाही. पिकासोने १९३४ मधल्या एचिंगांत आंधळ्या मिनोटॉरला वाट दाखवणारी मुलगी काढली होती, ती इथे पुन्हा आली आहे असे मी मानतो. पुस्तक पुन्हा उघडलेत, तर मिनोटॉरचा पुढे आलेला हात पाहा. तो उजेड अडवण्यासाठी उचलला आहे की मेणबत्ती चाचपण्यासाठी, हे त्या रेघांवरून सांगता येत नाही, आणि मला तरी पिकासोला ते सांगायचे होते असे वाटत नाही.